कोणालाही घेणारी शाळा

बदलीच्या नोकरीतल्या आम्हा लोकांमध्ये एक पाकीट चालतं. क्वार्टर सोडून जाणारी बाई नव्याने येणाऱ्या बाईसाठी ते स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवून जाते. दूध कोण देतं, ताप आला तर कोणत्या डॉक्टरकडे जायचं, कामाच्या मावशी कशावरून रुसतात, पाणी किती वाजता जातं, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. जिने ते लिहिलं ती बाई आपल्याला बहुतेक कधी भेटतही नाही, पण तिच्या अक्षरावर आपला पहिल्या सहा महिन्यांचा संसार चालतो. मी आजवर पाच गावांत अशी पाच पाकिटं उघडली आहेत.

कोलकात्यातल्या बालीगंजच्या क्वार्टरमधलं पाकीट तपकिरी होतं आणि त्यातली बाई थोडक्यात आटपणारी होती. मासळीवर तिने दोन पानं लिहिली होती आणि शाळेवर तीन ओळी. "मुलांना केंद्र सरकारच्या शाळेत घाला. बदलीवाल्यांच्या कोणालाही घेतात. डोक्याला ताप नाही." खाली पत्ता, बसचा नंबर आणि शाळेच्या ऑफिसचा फोन.

मी ते पहिल्याच रात्री जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हटलं, "कोणालाही घेणारी शाळा काय कामाची?" नवरा आमटी वाढून घेत होता. मुलगी सातवीत जायची होती. ती हसली. मी हसले की ती हसायची, तेव्हा.

माझा स्वभाव आधीच सांगून टाकलेला बरा. मला दुसऱ्याने निवडलेली भाजीसुद्धा चालत नाही. दर तीन वर्षांनी गाव सुटतं, नोकरी मी दुसऱ्या बदलीतच सोडली, त्यामुळे जे काही हातात उरलं आहे ते नीट, तपासून, स्वतः करायचं असा माझा हट्ट. आणि खरं सांगायचं तर हट्टाच्या खाली भीती होती. आपल्या या फिरतीपायी पोरीचं नुकसान होईल, प्रत्येक गावात ती चार पावलं मागे पडेल आणि शेवटी एक दिवस कोणीतरी मला विचारेल की तू घरीच होतीस ना, मग करत काय होतीस? या भीतीने मी कामाला लागायची आणि लोक म्हणायचे, किती हुशार बाई.

सामान पुरतं उघडलं नव्हतं तेव्हाच मी तक्ता करायला घेतला. आमच्या भागातल्या आणि बसने तासाभरात गाठता येतील अशा अकरा शाळा. सरकारी, अनुदानित, खाजगी, जिथे जिथे आमच्यासारख्यांना प्रवेश मिळू शकेल अशा सगळ्या. प्रत्येक शाळेचे गेल्या काही वर्षांचे दहावीचे निकाल मी त्यांच्या संकेतस्थळांवरून, नोटीस बोर्डांवरून आणि जिथे काहीच लावलेलं नव्हतं तिथे ऑफिसात जाऊन भांडून गोळा केले. किती मुलं परीक्षेला बसली, किती पास झाली, सरासरी टक्के किती, नव्वदच्या वर किती. मग सरासरीप्रमाणे वरून खाली लावलं. पहिल्या नंबरवर एक खाजगी शाळा आली. केंद्र सरकारची शाळा सातवी आली.

छापायला गेले तेव्हा तक्ता एका कागदावर मावेना. उभ्या कागदावर एक रकाना जास्त होत होता. दुकानदार म्हणाला, दीदी, आडवा काढू का? मला आडवा कागद आवडत नाही. मी "परीक्षेला बसलेले" हा रकाना लपवला. टक्के आहेत तर आकडा कशाला, असं तिथेच उभ्याउभ्या ठरवलं. अर्धं मिनिटही लागलं नाही त्याला.

मुलीने पहिल्या नंबरच्या शाळेची प्रवेशपरीक्षा दिली, ती पास झाली आणि मी पेढे वाटले. तपकिरी पाकिटातलं शाळेचं पान तसंच आत ठेवलं आणि पाकीट स्वयंपाकघराच्या खणात टाकलं.

त्या जानेवारीत आमच्या मंडळींचं हळदीकुंकू होतं. कोलकात्यात आम्ही मराठी माणसं थोडी. बदलीवाले येतात-जातात आणि काही घरं तीन-तीन पिढ्या इथेच मुरलेली. तिळगूळ देतादेता मुलांच्या शाळांचा विषय निघाला आणि मी पर्समधून तक्ता काढला. दोघीतिघींनी लगेच मोबाईलवर फोटो काढले. मला जे काही वाटत होतं त्याला सुखच म्हणतात.

तिथे एक काकू होत्या. जन्म इथलाच, सगळी नोकरी इथल्याच एका अनुदानित शाळेत गणित शिकवण्यात गेलेली, आता निवृत्त. त्यांनी चष्मा वर सरकवून तक्ता वाचला आणि विचारलं, "अगं, बसलेली किती?"

"म्हणजे?"

"परीक्षेला बसलेली मुलं. आणि आठवीत किती होती?"

"काकू, कागदावर मावत नव्हतं," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या आणि तक्ता परत दिला. मला राग आला. मनात म्हटलं, अनुदानित शाळेत आयुष्य गेलंय, पहिल्या नंबरचं कौतुक कुठून असणार यांना. हे मी घरी नवऱ्याला बोलूनही दाखवलं. आज ते वाक्य आठवलं की कान गरम होतात.

सातवी कशीबशी गेली. आठवीत गणित आणि विज्ञान तिच्या हातातून सुटायला लागलं. त्या शाळेत दर शनिवारी एक चाचणी असायची आणि सोमवारी वर्गाच्या दाराला यादी लागायची, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. मुलगी पहिल्यापहिल्यांदा येऊन सांगायची की आज एकतिसावी, आज छत्तिसावी. मग सांगेनाशी झाली. मी विचारलं की "यादी लागली नाही" म्हणायची. मी तिला खोटारडी म्हटलं. दुर्गापूजेच्या सुट्टीत सगळं शहर नवे कपडे घालून रस्त्यावर होतं आणि आम्ही दोघी घरात पंख्याखाली समीकरणं सोडवत बसलो होतो. बाहेर ढाक, तिथला पूजेचा मोठा ढोल, वाजायचा आणि मी खिडकी लावून घ्यायची.

सहामाहीचा निकाल दिवाळीनंतर आला आणि त्याच्याबरोबर एक छापील पत्र. पालकांनी येऊन भेटावं.

मी एकटीच गेले. प्रिन्सिपल मॅडम फार गोड बाई. त्यांनी चहा मागवला. फाईल उघडली, मिटली. मग हळू आवाजात समजावल्यासारखं बोलल्या. मुलगी गुणी आहे, चित्रं सुंदर काढते, पण इथला वेग तिला झेपत नाही. नववीत बोर्डाकडे नावनोंदणी होते, त्याच्या आत पालकांनी विचार केला तर मुलीच्याच हिताचं. दाखला आम्ही चांगल्या शेऱ्याचा देऊ. आम्ही कोणाला काढत नाही, पालक आपणहून नेतात.

"आणि नाही नेलं तर?" मी विचारलं.

"तर वार्षिक परीक्षेत काय होतं ते आपल्याला दिसेलच," त्या म्हणाल्या. "मुलं नापास झाली की फार मनाला लावून घेतात हो. तुम्ही आई आहात, तुम्हाला मी काय सांगू."

त्या हसत होत्या. मी चांगली उंचपुरी, आवाजाने दणदणीत बाई. निकालाचे आकडे मिळवताना कितीतरी ऑफिसांत भांडलेली.  त्या खोलीत मी चहा संपवून "थँक यू" म्हणून बाहेर आले.

घरी येऊन काय केलं? शाळेचे वार्षिक अंक असतात ना, गुळगुळीत कागदाचे, ते काढले. प्रवेश घेताना कौतुकाने मागून आणलेले जुने आणि यंदा शाळेतून मिळालेला नवा. त्यात प्रत्येक इयत्तेचा फोटो असतो. मी आधी दोन वर्षांपूर्वीच्या आठवीचा फोटो उघडला आणि पेन्सिलचं टोक ठेवत डोकी मोजली. ऐंशीच्या वर भरली. मग त्याच मुलांचा, चालू वर्षीच्या दहावीचा फोटो. छप्पन्न. परत मोजली. छप्पन्न. पहिल्या फोटोत दुसऱ्या रांगेत एक जाडसर, चष्मेवाला मुलगा डोळे मिटून उभा होता. दुसऱ्या फोटोत मी त्याला शोधत बसले. तो नव्हता. त्याच्या शेजारची दोन वेण्यांची मुलगीही नव्हती.

मग लॅपटॉप उघडून लपवलेला रकाना परत दाखवला. आकडे तिथेच होते, मीच भरलेले. पहिल्या नंबरच्या शाळेची परीक्षेला बसलेली मुलं दर वर्षी थोडी थोडी कमी होत गेली होती आणि सरासरी दर वर्षी थोडी थोडी चढत गेली होती. सातव्या नंबरच्या शाळेत जितकी होती तितकीच बसत होती, पास होणारी आणि न होणारी सगळी. काकूंनी एका नजरेत विचारलेला प्रश्न मला दहा महिन्यांनी समजला. आणि समजला तेव्हा त्या कमी होणाऱ्या आकड्यात माझी मुलगी उभी होती.

कोणीही शहाण्या बाईने दुसऱ्या दिवशी पोरीला तिथून काढलं असतं. मी काढलं नाही. का नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. माझ्या तक्त्यावर विसंबून तीन घरांनी आपली मुलं त्या शाळेत घातली होती, त्यांना काय तोंड दाखवू हे एक कारण. पण खरं कारण एवढंच की मी घाबरले होते, आणि घाबरले की मला थांबता येत नाही. मला वाटलं, अजून चार महिने आहेत, पोरीला ओढून वर काढू. नवऱ्याला मी पत्राबद्दल अर्धंच सांगितलं. "जरा अभ्यास वाढवा म्हणतात," एवढं. तो फोर्ट विल्यममध्ये, म्हणजे लष्कराच्या मुख्यालयात, मुलकी अधिकारी, सकाळी जातो तो संध्याकाळी येतो, आल्यावर आमच्याकडे बघून ओळखतो की घरात वारं कसलं आहे, आणि गप्प राहतो.

ते चार महिने मला लिहायला नको वाटतात. सकाळी पाचला गणित. शाळेतून आली की विज्ञान. मी शिकवायला बसले की माझा आवाज चढायचा, आणि आवाज चढला की तिला येत असलेलंही येईनासं व्हायचं. तिने नखं खाल्ली, मग नखांच्या कडेची कातडी खाल्ली. सोमवारी सकाळी तिचं पोट दुखायचं. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. मी तिला म्हटलं, बघ, काही नाही म्हणतात. ती चित्रं काढायची ते थांबलं आणि ते थांबलेलं मला बरं वाटलं. असं मी होते.

एकदा भाताचा घास हातात धरून तिने विचारलं, "आई, नापास झालं तर कुठे जातात?"

"नापास व्हायचंच नाही," मी म्हटलं. 

फेब्रुवारीतला बुधवार होता. ती पूलकारने यायची, म्हणजे पाचसहा घरांनी मिळून लावलेली गाडी. पावणेतीनला गाडी आमच्या फाटकाशी यायची. त्या दिवशी तीन वाजले, सव्वातीन झाले. मी पूलकारवाल्याला फोन लावला.

"मुलगी म्हणाली, आज मा घ्यायला येणार," तो म्हणाला. "मी सोडून आलो. बाकी सगळ्यांना पोहोचवलं पण."

मी फोन बंद केला. चपला घातल्या, घराला कुलूप लावलं की नाही ते आठवत नाही, आणि शाळेत गेले. दरवान म्हणाला सगळी मुलं गेली. वर्गाच्या दाराला यादी होती. सोमवारची असेल, मी बघितली. खालून दुसरं नाव तिचं होतं. त्या नावाखाली पेनाने दोन रेघा ओढल्या होत्या, कोणी ओढल्या देव जाणे.

नवऱ्याचा मोबाईल लागत नव्हता. त्यांच्याकडे ऑफिसात जाताना मोबाईल फाटकाशी जमा करावा लागतो. लँडलाइनवर कोणीतरी उचललं आणि सांगितलं, साहेब मीटिंगमध्ये आहेत. मी म्हटलं, मुलगी सापडत नाही असं सांगा त्यांना. हे वाक्य मी प्रथमच उच्चारलं आणि माझ्याच कानांनी ऐकलं, आणि रस्त्याच्या कडेला एका दुकानाचा खांब धरून उभी राहिले.

तिची एक मैत्रीण लोकलने यायची, दक्षिणेकडच्या कुठल्याशा स्टेशनवरून. मुलगी एकदोनदा तिला सोडायला बालीगंज स्टेशनपर्यंत गेली होती आणि मी रागावले होते. मी स्टेशनकडे निघाले. चालत, पळत, मला रिक्षा सुचली नाही. पेपरात दर वर्षी निकालाच्या सुमाराला ज्या बातम्या येतात त्या मी वाचत नाही, पान उलटते. त्या सगळ्या न वाचलेल्या बातम्या मला त्या रस्त्यावर पाठ असल्यासारख्या आठवत होत्या.

प्लॅटफॉर्मवर सियालदहकडून आलेली गाडी नुकतीच रिकामी झाली होती आणि माणसांचा लोंढा माझ्या अंगावरून गेला. शाळेच्या गणवेशातली प्रत्येक मुलगी माझीच वाटत होती आणि जवळ आली की नसायची. रुळांकडे बघायचं नाही असं मी ठरवलं आणि रुळांकडेच बघत प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. तिथे एक पेरू विकणारी बाई बसली होती. तिला मोबाईलवरचा फोटो दाखवला. तिने नीट बघितला, मान हलवली आणि मला खाली बसायला सांगितलं. "बसा दीदी, पाणी प्या," ती बंगालीत म्हणाली. मी पाणी प्यायले. मनात एकच चाललं होतं. देवा, नापास होऊ दे. दर वर्षी होऊ दे. कुठल्याच यादीत नको येऊ दे, फक्त येऊ दे.

मी काकूंना फोन केला. त्याच काकू. का त्यांनाच केला ते माहीत नाही. दुसऱ्या कोणाला सांगायचं तर आधी तक्त्यातली चूक सांगावी लागली असती, काकूंना ती माहीतच होती. त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. "तू स्टेशनवर थांब," म्हणाल्या, "मी तुझ्या घरी जाऊन दारात बसते. ती आली तर दारात कोणी तरी पाहिजे."

पावणेपाचला एका अनोळखी लँडलाइनवरून फोन आला. मी तो घेऊ शकले नाही.  फोन वाजून बंद झाला. मला वाटलं, आता हा पोलिसांचा असणार, आणि उचलला नाही तोवर काही झालेलं नाही. पेरूवाल्या बाईने माझ्याकडे बघितलं. तो परत वाजला तेव्हा तिनेच हिरवं बटण दाबून माझ्या कानाला लावला.

"मॅडम, तुमची मुलगी आमच्या ऑफिसात बसली आहे," पलीकडचा माणूस हिंदीत म्हणाला. त्याने शाळेचं नाव सांगितलं. केंद्र सरकारची शाळा. माझ्या तक्त्यातली सातवी.

टॅक्सीत मी काय केलं ते सांगता येणार नाही. रडले असेन, कारण ड्रायव्हर सारखा आरशातून बघत होता आणि त्याने एकदाही हॉर्न वाजवला नाही. नवऱ्याच्या ऑफिसात निरोप ठेवला आणि काकूंना तेवढा फोन केला. त्या म्हणाल्या, "ओरडू नकोस गं. एवढं ऐक माझं, पोहोचल्यावर ओरडू नकोस."

शाळेचं ऑफिस म्हणजे जुन्या ट्यूबलाइटची लांब खोली. कपाटांवर फायली, भिंतीला ऑफिसचं कॅलेंडर. बाकावर माझी मुलगी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. समोर कागदात गुंडाळलेला अर्धा खाल्लेला समोसा. क्लार्कने तिला आणून दिला असणार. तिने मला दारात बघितलं आणि तिचे दोन्ही खांदे वर गेले. मार बसणार असला की मुलं करतात तसे. मी तिला कधी मारलं नव्हतं. आवाजानेच तेवढं झालं होतं.

मी बाकावर तिच्या शेजारी बसले. ओरडले नाही. 

तिच्या हातात एक कागद होता, चार घड्यांचा. मी तो ओळखला. पाकिटातलं शाळेचं पान. तिने ते माझ्यापुढे धरलं, जणू मला पहिल्यांदाच दाखवते आहे.

"मी विचारायला आले होते," ती म्हणाली. "बस नंबर लिहिला होता ना यात."

"काय विचारायला?"

"की नापास असलं तर घेतात का." मग घाईघाईने, एका दमात, "आई, त्यांनी मार्क नाही विचारले. बाबांच्या बदलीची ऑर्डर मागितली फक्त. मी म्हटलं ती घरी आहे. ते म्हणाले, आईला घेऊन ये."

"मला का नाही सांगितलंस बाळा?"

ती समोशाकडे बघत होती. "तू म्हणाली होतीस ना, कोणालाही घेणारी शाळा काय कामाची." मग म्हणाली, "मला वाटलं, कोणालाही घेतात तर मला पण घेतील. पण तुला ते चालणार नाही. म्हणून आधी पक्कं करून मग सांगणार होते."

क्लार्क उठून बाहेर गेला. सभ्य माणूस. मी तिला जवळ घेतलं तर ती आधी लाकडासारखी ताठ राहिली, बराच वेळ, आणि मग सैल झाली. तिच्या केसांना बसच्या धुराचा वास येत होता. ती तेरा वर्षांची होती आणि कोलकात्याच्या बसमध्ये एकटीने कधी बसली नव्हती. कंडक्टरला कागद दाखवत दाखवत आली होती.

नवरा सरळ तिथेच आला. धावत आलेला, शर्ट भिजलेला. त्याने सगळं ऐकून घेतलं, पत्रातलं मी दडवलेलं अर्धंही. मग मला एवढंच म्हणाला, "ऑर्डरची प्रत माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. उद्या आणतो." त्याने मला आणखी काही बोलायला हवं होतं. मी आजही त्याची वाट बघते.

मार्चमध्ये मी पहिल्या नंबरच्या शाळेतून दाखला काढला. शेरा खरंच चांगला होता. पालकांनी आपणहून नेलं, असं रजिस्टरवर लिहून माझी सही घेतली आणि मी ती केली. माझ्या तक्त्यावर विसंबलेल्या तीन घरी मी स्वतः गेले आणि लपवलेला रकाना दाखवला. एकीने मुलगा काढला. एकीने ऐकून घेतलं. तिसरी म्हणाली, आमचा हुशार आहे हो, त्याला काही होणार नाही. मी कुठल्या तोंडाने वाद घालणार? मीही तेच म्हटलं असतं.

आता ती नववीत आहे. नव्या शाळेत वर्ग भरगच्च, पंखा एकच चालतो, गणिताच्या बाईंचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही. ही शाळा चांगली आहे असं मी म्हणत नाही. मला कुठली शाळा चांगली ते कळतं, हा माझा समज गेला. मुलगी परत चित्रं काढते. सोमवारी पोट दुखत नाही. मला मात्र तीन वाजले की अजून धडधडतं आणि पूलकार वळेपर्यंत मी फाटकाशी उभी असते. कोणी विचारलं तर सांगते, मोकळी हवा घेते आहे.

मागच्या आठवड्यात गणिताचा पहिला पेपर मिळाला. मी भाजी निवडत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात आली आणि उंबऱ्याच्या बाहेर थांबली. पेपर पाठीमागे धरलेला. आत येईना. आधी माझा चेहरा बघत होती, वर्षभरापूर्वी बघायची तसाच, नीट, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"दे, सही करते," मी म्हटलं.

तिने लांबूनच हात पुढे केला. ऐंशीपैकी सव्वीस होते. मी पेन घेतलं. सही करताना माझा हात इतका कापला की आडनाव रेघेखाली गेलं. तिने ते पाहिलं.

"आई, तुला भीती वाटते?"

आजवर या प्रश्नाचं माझ्याकडे एकच उत्तर होतं, भीती कसली, अभ्यास कर.

"हो," मी म्हटलं. "खूप."

 ती आत आली, माझ्यासमोर फरशीवर बसली आणि टोपलीतल्या शेंगा निवडायला लागली.